शहाण्णव पानं

शाळेला सुट्टी लागली त्या दिवशी हेडमास्तरांनी मावशीच्या हातात कपाटाची किल्ली ठेवली आणि म्हणाले, आता दोन महिने ग्रंथालय तुमचं. ग्रंथालय म्हणजे कोपऱ्यातल्या खोलीतलं एक लाकडी कपाट, एक टेबल, एक वही आणि भिंतीला टेकवून ठेवलेली सतरंजीची गुंडाळी. आणि मावशी म्हणजे शाळेची मावशी. वर्ग झाडणारी, घंटा देणारी, लहानग्यांची नाकं पुसणारी. सगळं गाव तिला मावशीच म्हणायचं, तिच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा.

किल्लीबरोबर हेडमास्तरांनी एक बातमीही दिली. ग्रंथालय मदतनीस अशी एक बारमाही जागा मंजूर झाली होती आणि त्यांनी मावशीचं नाव पुढे केलं होतं. सुट्टी संपताना तपासणीच्या बाई येतील. त्या फारसं काही विचारणार नाहीत. मावशींनी आपल्या पसंतीचं एखादं पुस्तक काढायचं आणि दोन-चार पानं वाचून दाखवायची, झालं. "चौथी पास आहात ना, मग कसली काळजी," असं म्हणून त्यांनी मोटारसायकलला किक मारली आणि ते आपल्या गावी निघून गेले.

मावशी चौथी पास नव्हती. ती पहिलीतही बसली नव्हती. सहा वर्षांपूर्वी शाळेत लागताना अर्ज भरणाऱ्याने शिक्षण विचारलं आणि तिच्या तोंडून चौथी निघून गेलं. तिसरी म्हटलं असतं तर कमी वाटलं असतं, पाचवी म्हटलं असतं तर कोणी काही वाचायला दिलं असतं. आकडे तिला पक्के येत होते, सही येत होती. बाकीचं लेक सांभाळायची. आईने आणलेला कागद ती पाठीमागून डोकावून हळूच वाचून दाखवायची आणि कोणाला कळू द्यायची नाही.

पण लेक आता घरात नव्हती. त्या साली विहिरींनी फाल्गुनातच तळ दाखवला. निम्मं गाव पोराबाळांसकट कामाला बाहेर पडलं. मावशीचा नवरा सुतार. त्याला दूर एका पुलाच्या कामावर फळ्या ठोकायचं काम मिळालं आणि त्याचं दोन वेळचं बघायला बारा वर्षांची लेक त्याच्याबरोबर गेली. जाताना नवरा सरळ बोलला होता. मावशीची बारमाही जागा झाली तर शाळा उघडायच्या आत दोघं परत येतील. नाही झाली तर ठेकेदार पावसाळाभर ठेवून घ्यायला तयार आहे, आणि मग पोरगीही तिथेच राहील. शाळेचं काय, असं मावशीने विचारलं नाही. त्याने सांगितलंही नाही. लेकीने मात्र जाताना आपलं पहिलीचं पुस्तक पेटीतून काढून आईच्या उशाखाली ठेवलं.

घरात उरले मावशी आणि तिचे सासरे. म्हातारा सुतारकीतून उठून चार वर्षं झाली होती. पाय गेले होते, कान निम्मे गेले होते, जीभ तेवढी शाबूत होती. सकाळी त्याला उठवून बसवायचं, अंग पुसायचं, पेज पाजायची, टँकरच्या रांगेत हंडे लावायचे आणि मग शाळेत जाऊन ग्रंथालय उघडायचं. दोन तास.

हेडमास्तरांनी कपाटावर एक कागद चिकटवून ठेवला होता. लेकीने जाण्याआधी तो मावशीला वाचून दाखवला होता आणि ऐकलेलं मावशी विसरत नसे. सुट्टीत प्रत्येकाने तीन पुस्तकं वाचावीत. घरातल्या मोठ्या माणसाला एक पुस्तक मोठ्याने वाचून दाखवावं. गावातल्या एखाद्या कारागिराकडे बसून त्याच्या अवजारांची नावं लिहून घ्यावीत. आजीआजोबांकडून एक जुनं गाणं उतरवून घ्यावं. शेवटी वहीत आपलं मत लिहावं. कागद फार छान होता. तो वाचायला गावात पोरं नव्हती, एवढीच अडचण होती.

पहिल्या दहा दिवसांत कोणी फिरकलं नाही. मावशी सतरंजी अंथरायची, वही उघडून ठेवायची आणि पहिलीचं पुस्तक काढून बसायची. पहिली चार अक्षरं जमली. पुढे एकेक अक्षर दुसऱ्यासारखं दिसायला लागलं. आज ओळखलेलं उद्या तोंड फिरवून बसायचं. चाळिशीची बाई, हंडे वाहून खांदे भरून आलेले, दुपारच्या झळा, आणि खोलीत विचारायला चिटपाखरू नाही. एकदा तिला रडू आलं. रडून झाल्यावर तिने डोळे पुसले, पुस्तक मिटलं आणि सवयीने खोली झाडायला घेतली.

झाडताना कपाटाखाली मातीची बारीक रेघ दिसली. वाळवी. तिने घाईने पुस्तकं काढली. खालच्या कप्प्यातल्या चार पुस्तकांच्या पाठी कुरतडल्या होत्या. कोणीतरी देणगी दिलेल्या गोष्टींच्या एका मापाच्या चार पुस्तिका. निळी, लाल, हिरवी, पिवळी. वाळवीचं काय करायचं हे मावशीला कोणी शिकवायला नको होतं. धान्याला करतात तेच. कडकडीत ऊन. तिने सगळी पुस्तकं व्हरांड्याबाहेरच्या फरशीवर उघडून मांडली, कपाटाला रॉकेलचा बोळा फिरवला आणि टँकर आल्याची ओरड ऐकून हंडे घेऊन पळाली.

परत आली तेव्हा मैदानात वावटळ उठली होती. जाड पुस्तकं जागेवर होती. त्या चार पुस्तिकांचा गोंद मात्र उन्हाने सुटला होता आणि त्यांची पानं न् पानं हवेत होती. मावशी धावली. कुंपणाच्या काट्यांतून, कोरड्या ओढ्यातून, खडीच्या ढिगावरून ती पानं वेचत राहिली. हात ओरबाडले, चप्पल तुटली. रस्त्याने जाणाऱ्या एका गड्याने काय हरवलं म्हणून विचारलं, तर तिने काही नाही म्हणून सांगितलं. ऊन उतरेपर्यंत तिच्या हातात शहाण्णव पानं होती. प्रत्येक पुस्तिकेचं शेवटचं पान अठ्ठेचाळीस नंबरचं होतं, म्हणजे चोवीस कागद. चोवीस चोक शहाण्णव. एकही कमी नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला.

घरी तिने गठ्ठा म्हाताऱ्यापुढे ठेवला. कुठलं पान कुठल्या पुस्तकाचं हे कसं ओळखायचं, हे दोघांनाही कळेना, कारण म्हाताऱ्यालाही अक्षरओळख नव्हती. पहिल्या पानावर वेष्टणावरचंच छोटं चित्र होतं, तेवढी चार जागी लागली. बाकी सगळी सारखी. काळ्या ओळी आणि खाली नंबर. म्हाताऱ्याने एक पान नाकाजवळ धरून बराच वेळ पाहिलं.

"यात एवढं काय आहे?" तो म्हणाला. "एका मापाच्या चार खिडक्या करतो तेव्हा कुठला दांडा कुठल्या खिडकीला, असं बघतो का आपण? नंबराला नंबर लाव. एकाच्या पुढे तीन, तिनाच्या पुढे पाच. चौकट आपोआप बसते."

मावशीला ते पटलं. न पटायला कारणच नव्हतं. दोघांनी तीन दिवस खपून काम केलं. मावशीने नंबराला नंबर लावून चार गठ्ठे केले. म्हाताऱ्याच्या हाताला एरवी कंप होता, पण दाभण हातात आल्यावर तो थांबला. त्याने काठ एकसारखे ठोकून भोकं पाडली, तिने दुहेरी दोरा ओवून शिवण घातली, पिठाची खळ लावून वेष्टणं चिकटवली आणि वर फळी आणि दगड ठेवले. पुस्तकं पहिल्यापेक्षा मजबूत झाली. म्हातारा पुनःपुन्हा हात फिरवून बघत होता. दोन वर्षांत त्याने पहिल्यांदा मागून दुसरी वाटी पेज घेतली.

त्याच आठवड्यात लोहाराची नात आली. आठेक वर्षांची, दुसऱ्या गावची, सुट्टीपुरती आजोबांकडे आलेली. तिला कोणीतरी कपाटावरच्या कागदाबद्दल सांगितलं होतं. मोठ्या माणसाला पुस्तक वाचून दाखवायचं होतं, पण आजोबा भट्टीसमोरून हलत नव्हते आणि घणाच्या आवाजात काही ऐकू जात नव्हतं. मावशी चालेल का, असं तिने दारातूनच विचारलं.

मावशीने तिला सतरंजीवर बसवलं, पाणी दिलं आणि निळं पुस्तक पुढे केलं. पोरगी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायची. एक पान व्हायला तिला पाव तास लागायचा आणि पान संपेस्तोवर सुरुवातीचं तिच्या डोक्यातून गेलेलं असायचं. गोष्ट एका नावाड्याची होती. नदीला पाणी चढलं होतं, पैलतीरावर कोणीतरी हाका मारत होतं. नावाड्याने वल्हं पाण्यात टाकलं आणि समोरच्या पानावर डोक्याला डोकं लावून दोघी बकऱ्या शेपट्या हलवू लागल्या.

"मावशी, बकऱ्या कुठून आल्या?"

"येतात. पुढे कळेल," मावशी म्हणाली.

पुढे कळलं नाही. बकऱ्या गेल्या आणि एक म्हातारा घड्याळ उघडून बसला. मग परत नदी आली, आणि नावाड्याच्या बायकोने दिवा लावला, आणि एक मुलगी चंद्रावर उतरली. मावशीने जन्मात कधी पुस्तक सलग ऐकलं नव्हतं. लेक आपली पुस्तकं तोंड मिटून वाचायची. तिला वाटलं, शहाण्या माणसांचं लिहिणं असंच असणार. आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलं. तिच्या डोक्यातही असंच चालायचं. हंडा भरताना लेक आठवायची, लेकीवरून पूल, पुलावरून म्हाताऱ्याची पाठ. आपल्या मनातलं कोणीतरी छापून ठेवलंय, असं तिला वाटलं. त्या दिवसांत तिच्याशी तासभर बोललेलं एकच माणूस होतं आणि ते आठ वर्षांचं होतं.

तिसऱ्या दिवशी तिला युक्ती सुचली. अक्षरं डोळ्यांना येत नाहीत, पण कानाला काय झालंय? एकदा ऐकलेलं गाणं ती कधी विसरली नव्हती. बाई दोन-चार पानंच ऐकणार, पुस्तक आपणच निवडायचं. मग तिने पोरीकडून निळ्या पुस्तकाची पहिली पानं पुन्हा वाचून घेतली, आणि पुन्हा, आणि पुन्हा. पोरगी कंटाळली तेव्हा मावशीने तिची वेणी घालून दिली, बाहुलीला चिंध्यांचे कपडे शिवून दिले. पान कुठल्या शब्दाला उलटायचं हेसुद्धा तिने पाठ केलं. घरी चुलीशी, रांगेत, म्हाताऱ्याची पाठ चोळताना तिचे ओठ हलत असायचे. म्हातारा म्हणायचा, सूनबाई, देवाशी भांडते आहेस की माझ्याशी?

सुट्टी संपत आली आणि लोहाराची नात गेली. जाताना तिने वहीत आपलं मत लिहिलं. पुस्तक छान आहे पण बकऱ्या का आल्या ते मला कळलं नाही. एवढंच. मावशीला ते वाचता आलं नाही. ओळ भरगच्च दिसत होती म्हणून ती खूश झाली. पोरगी वळणावर दिसेनाशी झाल्यावर ती परत खोलीत आली, तर सतरंजी फार मोठी वाटली. तिने ती गुंडाळून ठेवली आणि त्यानंतर टेबलाशी उभ्याने पाठांतर केलं.

नवऱ्याचा फोन आठवड्यातून एकदा यायचा, कामाच्या गोंगाटातून. मावशीने त्याला सांगून टाकलं की जागा झाली समज. तोही म्हणाला, मग ठेकेदाराला तसं कळवतो. लेकीने फोन ओढून घेतला आणि आवाज खाली आणून विचारलं, आई, अक्षरं आली का? मावशी म्हणाली, येतंय सगळं.

तपासणीच्या बाई सांगितल्या दिवशी, सांगितल्या वेळेला आल्या. पन्नाशीच्या, बारीक, थकलेल्या. हेडमास्तर आदल्या दिवशीच आले होते. बाईंनी कपाट उघडून पाहिलं, वाळवीचा माग नाही म्हणून मान हलवली. वही पाहिली. एकच वाचक. ती ओळ त्यांनी दोनदा वाचली आणि वही मिटली. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, वाचा मावशी, तुम्हाला आवडेल ते.

मावशीने निळं पुस्तक उघडलं. पहिला शब्द निघाला आणि पुढचं आपोआप येत गेलं. नदी चढली, हाका आल्या. तिने पान उलटलं, अगदी ज्या शब्दाला उलटायचं त्याच शब्दाला. नावाड्याने वल्हं पाण्यात टाकलं. डोक्याला डोकं लावून दोघी शेपट्या हलवू लागल्या. हेडमास्तरांनी चमकून वर पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या, त्यांनी मान वळवली. मावशी वाचत राहिली. बकऱ्या गेल्या, घड्याळवाला आला. तिचा आवाज आता मोकळा झाला होता, तिला मजा येऊ लागली होती. असं कोणासमोर तिने आयुष्यात काही वाचलं नव्हतं.

"थांबा," बाई म्हणाल्या.

त्यांनी पुस्तक हातात घेतलं, मागची दोन पानं उलटून पाहिली, शिवणीवरून बोट फिरवलं.

"जे छापलंय तेच वाचलंत. शब्दही चुकला नाही," त्या हेडमास्तरांकडे न बघता म्हणाल्या. "मावशी, नावेत बकऱ्या कशा आल्या?"

"येतात," मावशी म्हणाली. "पुढे कळतं."

हेडमास्तर हसले नाहीत. बाईही हसल्या नाहीत. त्यांनी लाल आणि हिरवं पुस्तक उघडून थोडं थोडं वाचलं आणि हलकेच खाली ठेवलं.

"चार पुस्तकांची पानं एकमेकांत गेली आहेत. वाचणारा माणूस तिथे अडतो, मावशी. मी नुसती ऐकत होते, तरी अडले. तुम्ही अडला नाहीत." मग निळं पुस्तक मिटून त्यांनी वेष्टण तिच्यापुढे धरलं. "याचं नाव काय?"

मावशीने मोठ्या, जाड अक्षरांकडे पाहिलं. दीड महिना ती हे पुस्तक छातीशी धरून होती. त्याला नाव असेल हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"निळं पुस्तक," ती म्हणाली.

बाहेर कोणीतरी हातपंप हापसत होतं, नुसताच कोरडा खडखडाट येत होता. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. त्या रागावल्या नव्हत्या, उलट आवाज पहिल्यापेक्षा मऊ झाला होता, आणि मावशीला तेच जास्त लागलं. झाडलोटीचं काम आहे तसं राहील, त्या म्हणाल्या, शाळेच्या दिवसांपुरतं. ही जागा वाचता येणाऱ्यालाच देता येते, त्यांच्या हातात नाही. उठताना त्यांनी पुन्हा एकदा शिवण पाहिली आणि शिवलंय मात्र सुरेख, असं म्हणाल्या.

हेडमास्तरांनी त्यांना गाडीपर्यंत सोडलं. मग आत येऊन म्हणाले, "मला एकदा सांगायचं तरी होतंत, मावशी."

"सांगितलं असतं तर किल्ली दिली असती?"

त्यांनी टेबलावरची चारी पुस्तकं एकावर एक ठेवली, उगाचच काठ जुळवले आणि घरी जायला निघाले. मावशीने किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. एरवी ती रिकाम्या वर्गांतून जाताना एखादा बाक सरळ करायची. आज तिने केला नाही.

ती मैदानाच्या कडेला, जिथे फोनला आवाज नीट येतो तिथे जाऊन उभी राहिली. नवऱ्याला काय सांगायचं ते तिने मनात जुळवून ठेवलं होतं. जागा झाली नाही, ठेकेदाराला हो म्हण, पोरीचं नाव शाळेत राहील का ते विचारते. घंटी वाजली आणि फोन लेकीनेच उचलला. बहुधा ती हातात घेऊनच बसली होती. पलीकडे लाकडावर हातोडे पडत होते.

"आई, वाचलंस?"

मावशीचे शब्द सगळे गोळा झाले आणि भलतेच बाहेर आले. "वाचलं गं," ती म्हणाली. "एकदाही अडले नाही."

पोरगी किंचाळली. "बाबा, आईने वाचलं. बाबा, आपण घरी जायचं." फोन तिने कुठेतरी फळीवर ठेवला असावा. तिची धावती पावलं ऐकू आली, मग लांबून तिचा आवाज, मग कोणाचं तरी हसणं. हातोडे एकेक करून थांबले.

"अगं, ऐक तरी," मावशी म्हणाली. पलीकडे ऐकायला कोणी नव्हतं. फोन कोणीतरी उचलेल म्हणून ती तो कानाला लावून उभी राहिली.